मांजर सुईची, मांजर मातीची

प्रश्न : मी दवनीवाड्याला राहते. घरी पायमशीन आहे. ब्लाऊज, परकर, लहान मुलांची झबली शिवते. उरलेल्या तुकड्यांचं गाठोडं वाढतच चाललं आहे. शेजारचे कुंभारकाका माठ, पणत्या आणि पोळ्याला मातीचे बैल करतात. घरात एक मनी आहे आणि मुलांचा तिच्यावर फार जीव. मुलगी विचारते, मातीचा बैल होतो तर मांजर का होत नाही? तुकड्यांची आणि मातीची, अशा दोन्ही मांजरी करून पाहायची इच्छा आहे. पण सासूबाई म्हणतात, मांजरीची मूर्ती कोणी घरात ठेवतं का? आपल्याकडे असं कोणी केलं आहे का, ते कसं करतात, भट्टीत फुटणार तर नाही, आणि चांगल्या जमल्या तर विकता येतील का? सविस्तर सांगावं.
— एक वाचक भगिनी, दवनीवाडा, जि. गोंदिया

उत्तर : ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न अगदी योग्य आहे. मातीची मांजर होते आणि नवशिक्या हाताला ती बैलापेक्षा सोपी जाते. बैल चार पायांवर उभा असतो. त्याचे पाय, शिंगं आणि शेपूट अंगापासून सुटे असतात, म्हणून वाळताना आणि भाजताना तेच आधी मोडतात. मांजर बसली की पाय पोटाखाली घेते, शेपूट अंगाभोवती गुंडाळते, मान खांद्यांत बसते. बाहेर उरतात ते फक्त दोन कान. अशा बंद आकारात माती टिकते आणि कापडही फुगवून भरता येतं.

शिवणकाम आणि कुंभारकाम वरवर फार वेगळी वाटतात. मांजर करायला बसलं की दोन्हीकडे काम एकच आहे हे लक्षात येतं. आतून पोकळ असा बंद आकार घडवायचा आणि त्याला एक भोक शेवटपर्यंत राखायचं. कापडी मांजरीला ते भोक कापूस भरण्यासाठी लागतं, मातीच्या मांजरीला आतली हवा आणि वाफ बाहेर जाण्यासाठी. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर निम्म्या चुका टळतील.

मांजर घरात चालते का?

आधी सासूबाईंच्या शंकेचं पाहू, कारण घरातल्या मोठ्या माणसांचं मन दुखावून केलेल्या कामात आनंद नसतो. मांजर आडवी गेली की क्षणभर थांबायची रीत आपल्याकडे आहे, हे खरं. पण मांजर आणि कुंभार यांची मराठीतली सगळ्यात मोठी गोष्ट भक्तीची आहे. ताहराबादच्या महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात पंढरपूरच्या राका कुंभाराची कथा येते. राकाने घडवून ठेवलेल्या एका कच्च्या मडक्यात मांजरीने पिल्लं ठेवली. राकाला त्याचा पत्ता नव्हता. त्याने मडकी रचून आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, पेटवला. मांजर परत आली आणि आव्याभोवती ओरडत फिरू लागली, तेव्हा काय घडलं ते त्याच्या ध्यानात आलं. राका आणि त्याची बायको बंका यांनी पांडुरंगाचा धावा केला. पिल्लं वाचली तर घरदार सोडून देऊ, असा पण केला. आवा निवल्यावर पाहिलं तर पिल्लांचं मडकं कच्चंच राहिलं होतं आणि पिल्लं जिवंत होती. दोघांनी पण पाळला आणि संसारावर पाणी सोडलं. मांजरीच्या पिल्लांसाठी सर्वस्व सोडणारा संत ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या घरात मातीची मांजर अशुभ कशी ठरेल?

सासूबाईंना आणखी एक सांगता येईल. बंगालमध्ये मुलाबाळांचं रक्षण करणारी षष्ठीदेवी मांजरीवर बसते. बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री आपण जिची पूजा करतो ती सटवाई त्याच देवीचं रूप मानली जाते. लेकरांच्या देवीचं वाहन लेकरांच्या खेळात आलं तर त्यात वावगं काही नाही.

आपल्याकडे असं कोणी केलं आहे का?

मराठी मुलखात मातीच्या प्राण्यांमध्ये पहिला मान बैलाचा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीची कच्च्या मातीची देवी आणि तिच्यासोबत मातीचा बैल सापडला. आपल्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि पोरं लाकडाचे, मातीचे नंदी सजवून घरोघर फिरतात. म्हणजे मुलांनी हाती धरायचा प्राणी घडवण्याची सवय कुंभाराला आणि सुताराला आहेच. त्या रांगेत मांजर कमी दिसते, इतकंच.

पंजे वर केलेली मांजर मात्र भारतीय शिल्पाला जुनी ओळखीची आहे. तमिळनाडूतल्या मामल्लपुरमला सातव्या शतकात पल्लवांच्या काळी दोन मोठ्या शिळांवर प्रचंड शिल्पपट कोरला गेला. त्यात दोन्ही हात डोक्यावर नेऊन उभी असलेली तपस्वी मांजर आहे आणि तिच्या पायाशी उंदीर आहेत. साधूचं सोंग घेऊन उंदरांना फसवणाऱ्या मांजरीची ही गोष्ट महाभारतातही येते. कलकत्त्याच्या कालीघाटच्या चित्रकारांनी एकोणिसाव्या शतकात तोंडात कोळंबी धरलेली मांजर पुन्हापुन्हा रंगवली, तीही ढोंगी साधूंवरची टीका म्हणून.

मातीच्या मांजरीची सगळ्यात मोठी परंपरा जपानची. पंजा उंचावून बोलावणारी मांजर आता आपल्याकडेही दुकानांच्या गल्ल्यावर दिसते. तिची सुरुवात थोरामोठ्यांच्या चिनी मातीतून झाली नाही. आजच्या टोकियोतल्या इमादो भागात कमी आचेवर भाजलेल्या साध्या मातीच्या रंगवलेल्या बाहुल्या होत, त्यांत ही मांजर होती. चित्रकार हिरोशिगेने १८५२ साली केलेल्या एका छापचित्रात रस्त्याकडेला अशा मांजरी विकणारं दुकान दिसतं. म्हणजे तुमच्या कुंभारकाकांची माती आणि आच ज्या जातीची, जवळपास त्याच जातीच्या मातीतून आणि आचेतून ही मांजर जगभर गेली. पुढे आईची प्रांतातल्या तोकोनामे या कुंभारांच्या गावाने साच्यांतून तिचं मोठं उत्पादन सुरू केलं. साच्याचे दोन अर्धे भाग करायचे आणि आतून पोकळ मूर्ती काढायची, ही पद्धत आपल्याला परकी नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहन काळात दोन साच्यांमधून पांढऱ्या मातीच्या पोकळ बाहुल्या काढत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे.

कापडी मांजरीचा नमुना अमेरिकेतला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावच्या दोन नणंद-भावजयांनी घरच्या एका पट्टेदार मांजरावरून १८९२ साली नमुना काढून त्याचं पेटंट घेतलं. एका कापड गिरणीने तो कापडावर छापला. गिऱ्हाइकाने ते कापड दहा सेंटला विकत घ्यायचं, घरी रेघांवरून कापायचं, शिवायचं आणि भरायचं. मांजरीच्या अंगाचे दोन बाजूंचे दोन तुकडे आणि बसायला एक तळ, एवढंच. ही मांजर घराघरांत गेली. तुमच्या मशीनवर हे काम एका दुपारचं आहे.

कापडी मांजर कशी शिवावी?

आधी मनीला नीट पाहा. तिचे पुढचे पाय पाच-पाच बोटांचे आणि मागचे चार-चार बोटांचे असतात. पट्टेदार मांजरीच्या कपाळावर इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी खूण असते. भर उन्हात डोळ्यांतली बाहुली उभी फट होते, अंधारात ती गोल मोठी होते. दोन कान खूप जवळ आले तर मांजर उंदरासारखी दिसू लागते, लांब गेले तर घुबडासारखी. या दोन-तीन गोष्टी नेमक्या आल्या की बाकीचं रूप साधं ठेवलं तरी ती मांजरच दिसते.

बसलेल्या मांजरीचं बाजूचं रूप वर्तमानपत्रावर काढा. उंची साधारण वीतभर ठेवा. त्याच्याबाहेर एक सेंटिमीटर शिवणीची जागा सोडून कागद कापा. हा नमुना कापडावर दोनदा ठेवायचा, दुसऱ्या वेळी उलटा करून, म्हणजे डावी आणि उजवी बाजू मिळेल. खाली बसायला अंडाकृती तळ वेगळा कापा. जुन्या साडीचं सूत मऊ असतं पण झिजलेलं असतं. त्यामागे जुन्या चादरीचं अस्तर लावा आणि दोन्ही मिळून एक कापड धरा. सगळे तुकडे कापण्याआधी धुऊन घ्या, नाहीतर पुढे रंग जाईल किंवा कापड आटेल.

अस्तरासह तुकड्यांवर गोधडीसारखा धावदोरा घाला. समांतर, जवळजवळचे टाके पडले की मांजरीच्या अंगावर आपोआप पट्टे दिसतात आणि विरलेलं कापडही बळकट होतं. आपल्या आज्यांनी वाकळ शिवताना केलं तेच हे काम आहे. तुकड्यांची मांजर करायची असेल तर पांढरा, काळा आणि नारिंगी हे तीन रंग घ्या. खऱ्या मांजरींत हे तीनही रंग एकत्र आले की ती जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण नारिंगी आणि काळा हे दोन रंग एकत्र उमटायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात. म्हणून तुकड्यांची मांजर म्हणजे मनी, बोका नव्हे.

सुलट बाजू आत ठेवून दोन्ही अंगं शिवा, मग तळ जोडा. तळाच्या एका कडेला चार बोटं जागा उघडी ठेवा. वळणांवर शिवणीच्या बाहेर कात्रीने छोटे छोटे छेद द्या आणि कानांची टोकं तिरकी छाटा, तरच उलटवल्यावर वळण नीट बसेल. उलटवल्यावर आधी कान आणि पंजे भरा, मग डोकं, शेवटी पोट. एकदम मोठा गोळा कोंबला की आत गाठी होतात. चिमटीचिमटीने भरा.

भरायला पिंजलेला कापूस चालतो. काटेसावरीचा कापूस मिळाला तर अधिक चांगला. त्याचे तंतू आतून पोकळ आणि मेणचट असतात, म्हणून तो हलका राहतो आणि ओल धरत नाही. उन्हाळ्यात सावरीच्या शेंगा फुटायच्या आधी उतरवल्या तर कापूस वाऱ्यावर जात नाही. मात्र तो पटकन पेट घेतो, तेव्हा दिवा-चुलीपासून दूर ठेवा. शिवणाचे बारीक तुकडे करूनही भरता येतं, त्याने मांजर वजनदार होते. तळाला जड करायचं असेल तर धुऊन वाळवलेल्या वाळूची लहान पिशवी शिवून आत बसवा. तांदूळ किंवा धान घालू नका, सोंडे आणि उंदीर दोन्ही येतील. शेवटचं तोंड टाके आत लपतील असं हाताने शिवा.

डोळ्यांना बटणं लावू नका, दोऱ्याने भरतकाम करा. लहान मूल बटण ओढून तोंडात घालतं. घरच्या मनीलाही दोऱ्याचा धोका असतो. मांजरीच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे तोंडात आलेला दोरा तिला थुंकता येत नाही, ती गिळतच जाते. आतड्यात अडकलेला लांब दोरा जिवावर बेततो. म्हणून शिवणाचं काम संपलं की सुई, रीळ आणि तुकडे डब्यात बंद करा, आणि मनीच्या खेळासाठी केलेल्या बाहुलीला लोंबणारी दोरी ठेवू नका.

मातीची मांजर कशी घडवावी?

इथे कुंभारकाकांचं ऐका. तुमच्याकडच्या बोडीची, तलावाच्या गाळाची माती त्यांनी हाताळलेली आहे. तिला किती राख, किती वाळू, किती लीद घालायची हे त्यांना बोटांनी कळतं. ही मिसळ कशासाठी, ते तुम्हीही समजून घ्या. नुसती चिकण माती वाळताना फार आकसते आणि तडकते. वाळू किंवा राख मिसळली की मातीत बारीक वाटा राहतात आणि ओल त्यातून बाहेर पडते. तुमच्या भागात राईस मिलमधून निघणारं धानाचं तूसही बारीक करून घालता येतं. भाजताना तूस जळून जातं आणि त्याची सिलिकायुक्त राख आत उरते.

मातीचे दोन गोळे घ्या आणि अंगठ्याने दाबत दोन वाट्या करा. भिंत सगळीकडे सारखी, बोटाच्या जाडीपेक्षा कमी हवी. जाड-पातळ झाली तर पातळ भाग आधी वाळतो आणि जोडावर चीर जाते. दोन वाट्यांच्या कडांवर काडीने आडव्याउभ्या रेघा ओढा, त्यावर पातळ चिखल लावा आणि कडा दाबून जोडा. हे पोट झालं. डोकं असंच लहान करा. मानेच्या जागी दोन्हीकडे रेघा ओढून जोडा, आणि जोडायच्या आधी मानेत आरपार भोक पाडा म्हणजे डोक्यातली हवा पोटात उतरेल. मग तळाला पेन्सिलच्या जाडीचं एक भोक पाडा. ते बुजवायचं नाही.

कान वेगळे करून चिकटवण्यापेक्षा डोक्याच्याच मातीतून चिमटीने वर काढा, ते पडत नाहीत. शेपूट वळी करून अंगाला चिकटवत पायापाशी आणा, हवेत सुटी ठेवू नका. मिशा मातीने करायच्या नाहीत, काडीने बारीक रेघा ओढा. ओलसर असतानाच चमच्याच्या पाठीने किंवा गुळगुळीत गोट्याने अंग घासलं तर भाजल्यावर चकाकी येते. घासण्याआधी पातळ गेरू लावला तर लाल रंग अधिक गडद होतो.

मग वाळवायला सावलीत ठेवा. उन्हात ठेवली तर बाहेरून वाळते, आतून ओली राहते आणि चिरते. पहिले दोन दिवस ओल्या फडक्याखाली ठेवा, मग उघडी. हवेत ओल असेल तर आठ-दहा दिवस लागतील, पावसाळ्यात त्याहून जास्त. गालाला लावल्यावर गार वाटली तर आत अजून ओल आहे. मातीची मांजर वाळताना आणि भाजताना आकसते, तेव्हा हवी त्याहून थोडी मोठी घडवा.

भट्टीत फुटेल का?

फुटते ती बहुतेक वेळा वाफेने. आत ओल राहिली आणि आच झटकन वाढली की १०० अंशांच्या आसपास पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर ती भिंत फोडते. म्हणून ते तळाचं भोक. पहिले दोन तास आच अगदी मंद ठेवा. पुढे साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांतलं बांधलेलं पाणी सुटतं. याच टप्प्यात ५७३ अंशांना वाळूतल्या गारेचे कण अचानक फुगतात, निवताना तितकेच आकसतात. तापताना आणि निवताना हा टप्पा हळू पार व्हावा लागतो. साध्या गावच्या आव्यात आच साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. दुसऱ्या दिवशी राख पूर्ण निवल्याशिवाय आवा उघडू नका. गरम मांजरीला गार वारा लागला की ती चिरते.

आव्यात मांजर मधोमध ठेवा, मडक्यांच्या आडोशाला, जिथे थेट ज्वाला लागत नाही. तणस, गोवऱ्या आणि लाकूड काकांच्या नेहमीच्या पद्धतीने रचू द्या. आवा पेटवण्याआधी आतली मडकी आणि तणस हाताने तपासा. मांजरींना तणसाची ऊब आवडते आणि आडोशाला पिल्लं ठेवायची सवय असते. राका कुंभाराच्या कथेतली ही गोष्ट आजही खरी आहे.

मांजर पक्की भाजली का ते आवाजाने ओळखा. बोटाच्या नखाने टिचकी मारा. पक्की असेल तर खणखणीत आवाज येतो, कच्ची किंवा चिरलेली असेल तर बद्द. तेरच्या गोरा कुंभारांनी संतांच्या मेळ्यात थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर थापटून पाहिलं आणि नामदेव कच्चे निघाले, ही कथा सगळ्या मराठी घरांत सांगितली जाते. गोरोबा कुंभार होते आणि नामदेव शिंपी. तुमच्या मशीनचा आणि काकांच्या चाकाचा शेजार मराठी परंपरेत इतका जुना आहे.

काळी मांजर रंग न लावता करता येते का?

येते. मातीत लोह असतं. भाजताना हवा मिळाली तर लोहाचा लाल रंग उमटतो. हवा तोडून धूर कोंडला तर काजळी मातीत शिरते आणि भांडं काळं होतं. आच शिखरावर असताना आव्यावर तूस आणि ओला पाला टाकून वरून चिखलाने लिंपलं की काळी मांजर तयार होते. याहून सुंदर दोन रंगांची. नागपूरजवळच्या नायकुंड, माहुरझरी, टाकळघाट-खापा या ठिकाणी शिळावर्तुळांच्या खाली काळी-तांबडी भांडी सापडली आहेत. काठ आणि आतली बाजू काळी, बाहेरून लाल. भांडं पालथं घालून तोंडाचा भाग राखेत किंवा भुशात पुरत असावेत, म्हणजे तिथे हवा पोचत नसे, असं अभ्यासक मानतात. हीच युक्ती मांजरीला लावा. डोक्याकडचा भाग तुसात गाडून ठेवा. चेहरा काळा आणि अंग लाल निघेल. विदर्भाच्या मातीत लोहयुगापासून चालत आलेलं हे कसब मांजरीला फार शोभतं.

भाजल्यानंतर रंग द्यायचाच असेल तर डब्यावरची माहिती वाचा. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं असा नियम भारतात २०१७ पासून आहे. शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं. जुना, नाव-गाव नसलेला चकचकीत रंग मुलांच्या वस्तूला लावू नका. चुना, गेरू, पिवडी आणि काजळी एवढ्यात पांढरी, तांबूस, पिवळी आणि काळी मांजर रंगवता येते.

कुठली मांजर घडवावी?

जपानी मांजरीची नक्कल करू नका. ती बाजारात स्वस्तात मिळते आणि तुमच्या हाताचं त्यात काही उरत नाही. तुमच्याच जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे, २०१३ साली घोषित झालेला. सगळे वाघाचं बोलतात, पण त्याच्या लहान भावंडांकडे कोणी पाहत नाही. रानमांजर धानाच्या बांध्यांच्या कडेलाही फिरते. पाय लांब, शेपूट आखूड, शेपटीच्या टोकाला काळी वलयं, कानांच्या टोकाला केसांचा छोटा झुपका. वाघाटी तर जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. वजन एक-दीड किलो, अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पांढऱ्या रेघा. ती भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच देशांत आढळते, आणि विदर्भाच्या जंगलांतही तिची नोंद आहे. तांबड्या मातीवर गेरूचे ठिपके दिले की वाघाटी होते. अशी मांजर टोकियोत मिळणार नाही, पुण्या-मुंबईतही नाही. मामल्लपुरमची हात वर केलेली तपस्वी मांजरही करून पाहा, फक्त तिचे हात डोक्याला चिकटवून घ्या म्हणजे मोडणार नाहीत.

विकता येतील का?

येतील. तान्हा पोळा आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव भरणाऱ्या मंडया हे तुमचे पहिले बाजार. मंडईला माणसं नाटक आणि दंडार पाहायला येतात, लेकरांसाठी काहीतरी घेऊनच परततात.

विकण्याआधी एक नियम समजून घ्या. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मात्र केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः केलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे. म्हणून ही नोंदणी करून कारागीर ओळखपत्र घ्या. तोवर मांजरी शोभेच्या वस्तू, टाचण्या खोचायची उशी, दाराचा अडसर, कुंडीशेजारची मूर्ती अशा रूपात विका.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात कुंभार, शिंपी आणि बाहुल्या-खेळणी करणारे, तिघांचीही नावं आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत कर्ज मिळतं. एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो आणि अर्जाची पडताळणी ग्रामपंचायतीपासून होते. काका आणि तुम्ही वेगळ्या कुटुंबांतले, त्यामुळे दोघेही अर्ज करू शकता. गावात ‘उमेद’चा बचतगट असेल तर गटाच्या नावाने सरस प्रदर्शनात जाण्याची वाटही आहे.

किंमत ठरवताना फक्त कापड आणि माती मोजू नका. घडवायचे, वाळवताना राखण करायचे आणि शिवायचे तास मोजा. आव्यात दहांतल्या काही फुटणारच, त्यांचा खर्च उरलेल्यांवर वाटून धरा. आव्याचं जळण आणि काकांचं कसब यांचे पैसे आधी बाजूला काढा. शेजारधर्म म्हणून त्यांच्याकडून फुकट भाजून घेऊ नका. कुंभाराच्या हातात पैसा खेळला तरच गावातला आवा पेटता राहील. प्रत्येक मांजरीच्या तळाला कच्ची असतानाच काडीने दोन नावं कोरा, घडवणाऱ्याचं आणि भाजणाऱ्याचं, आणि गावाचं नाव : दवनीवाडा.

पोळ्याला विकायच्या असतील तर पाऊस सुरू होण्याआधीच माती घडवून वाळवून घ्या. भर पावसात ना माती वाळते, ना आवा लागतो. पहिली मांजर लेकीच्या हातानेच करून घ्या. ती वाकडी झाली तरी भाजून घरात ठेवा.